सूर जुळविताना

मैफल ठरल्या वेळी सुरू होत नाही, ही तक्रार फार जुनी आहे. श्रोते घड्याळाकडे पाहत असतात, आतून खुंट्या पिळल्याची करकर, हातोडीचे ठोके आणि मधूनच पेटीवर धरलेला एखादा लांब षड्ज ऐकू येत असतो, आणि आयोजक 'आता पाचच मिनिटे' असे सांगत हिंडत असतो. या अर्ध्या तासाची गणना कोणी मैफलीत करीत नाही. वास्तविक गाण्याच्या व्यवहारातला एक अवघड निर्णय याच अर्ध्या तासात घेतला जातो. निरनिराळ्या घडणीची वाद्ये एका बैठकीवर येतात, तेव्हा त्यांतल्या कोणी आपल्या जागी राहावयाचे आणि कोणी आपली जागा सोडून दुसऱ्याकडे यावयाचे, हा तो निर्णय होय. सारी वाद्ये तार आणि कातडे यांचीच होती तोवर तो फारसा जाणवत नसे. कारण प्रत्येकाला थोडे वर-खाली होता येत असे. पेटी आली आणि न हलणारा एक सूर बैठकीत येऊन बसला. पुढे विजेवर चालणारी वाद्ये आली, आणि प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला.

झाशीच्या जुन्या वस्तीतील एका मराठी घरात भाद्रपदातील एका संध्याकाळी हा प्रश्न ज्या रीतीने उभा राहिला आणि ज्या रीतीने सुटला, ती हकीकत सांगण्याजोगी आहे. घरमालक हे संगीताचे निवृत्त शिक्षक. वय ऐंशीच्या घरातले. घरात त्यांना सारे आबा म्हणतात आणि घराबाहेर सारे गुरुजी. गणेशोत्सवात नातीने गावे आणि तिच्याबरोबरीच्या एका मुलाने कीबोर्ड वाजवावा, असे ठरले होते. तबल्याला बुंदेलखंडातलाच एक तरुण होता. पेटी आबांची स्वतःची. तंबोरा कोपऱ्यात गवसणीत बरीच वर्षे उभा होता. तो या दिवसासाठी बाहेर निघाला. जोडीला इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता, कारण नातीचा रोजचा रियाज त्याच्यावरच झालेला होता.

झाशीतले मराठीपण हे असेच गवसणीत जपलेले आहे. १७४२ मध्ये नारोशंकर येथे सुभेदार म्हणून आले, किल्ल्याची वाढ झाली, शहर वसले, आणि त्यांच्या व पुढे नेवाळकरांच्या आश्रयाने दक्षिणी कुटुंबे येथे स्थिरावली. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचा विवाह झाला, ते मंदिर आजही या लहानशा समाजाचे श्रद्धास्थान आहे. गंगाधररावांच्या नाट्यप्रेमाच्या गोष्टी वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवल्या आहेत. १८५८ च्या वेढ्यात गोडसे भटजी झाशीतच होते; तोफांच्या धडाक्यात एक सुसंस्कृत नगर उद्ध्वस्त होताना त्यांनी पाहिले. दरबार गेला, नाटकशाळा गेली. घरे मात्र राहिली. त्या घरांतून बोलली जाणारी मराठी दीड-पावणेदोन शतके हिंदी आणि बुंदेलीच्या सहवासात राहिली आहे, आणि त्या सहवासाने तिचा सूर जरा वेगळा लागतो.

त्या संध्याकाळी प्रारंभ झाला तो तबल्यापासून. तरुणाने तबला गादीवर ठेवला, हातोडी उचलली आणि सहज विचारले, "गुरुजी, किससे मिलाएँ?"

कोणाशी जुळवू? प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर तत्काळ देता येईना. पट्टी काळी एक, एवढे ठरलेले होते. परंतु पेटीची काळी एक, कीबोर्डची काळी एक आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची काळी एक ही तिन्ही एकच आहेत, असे गृहीत धरता येत नव्हते. कीबोर्ड आणि तानपुरा परस्परांशी जुळत होते. दोघेही आजच्या आंतरराष्ट्रीय मापाने चालणारे. १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत मध्यसप्तकातील पांढऱ्या सहाची कंपनसंख्या सेकंदाला ४४० असावी, असे ठरले, आणि जगभरच्या कारखान्यांनी हळूहळू तेच माप स्वीकारले. त्या हिशेबाने काळी एक म्हणजे सुमारे २७७ कंपने. आबांची पेटी मात्र पॅरिस रीडची. फ्रान्समध्ये १८५९ साली कायद्याने जे माप ठरले होते, ते ४३५ चे. त्या मापाने काळी एक २७४ वर येते. पेटीचा षड्ज धरून नातीने कीबोर्डचाही षड्ज दाबला, तेव्हा खोलीत एक प्रकारची लाट उठली. आवाज फुगे, ओसरे, पुन्हा फुगे; सेकंदाला तीन वेळा.

पदार्थविज्ञानात याला विस्पंद म्हणतात. जवळजवळच्या दोन सुरांच्या कंपनसंख्यांत जेवढे अंतर, तेवढ्या या लाटा. २७७ आणि २७४ यांत अंतर तीनाचे, म्हणून लाटा तीन. सूर जसजसे जवळ येतात तसतशा लाटा संथ होतात, आणि एका क्षणी पाणी स्थिर होते. वाद्य लावणारा शास्त्रातील आकडे जाणत नसला, तरी हे स्थिर पाणी तो ओळखतो. उस्ताद आणि बुवा ज्याला 'सूर मिळाला' म्हणत आले, तो याच क्षणी.

आता कोणी हलावे? सर्वांच्या मनात एक उत्तर तयार होते. कीबोर्ड आणि तानपुरा ही यंत्रे आहेत, त्यांचे माप पक्के आहे, जगाने मान्य केलेले आहे. जुन्या पेटीचाच सूर उतरलेला आहे. तेव्हा पेटी बाजूला ठेवावी आणि बाकी सर्वांनी यंत्राला जुळवून घ्यावे. कीबोर्डवाल्या मुलाने हे अदबीने सुचविलेही. त्यात उद्धटपणा नव्हता. ज्या पिढीचे कान यंत्राच्या सोबतीने घडले, तिला यंत्राचा सूर हाच मूळ सूर वाटावा, यात नवल नाही.

आबांनी उत्तर दिले ते शांतपणे. "बाळा, ज्याला हलता येत नाही, त्याला हलायला सांगू नये. ज्याला हलता येतं, त्यानं हलावं."

पेटीचा सूर बदलावयाचा तर पितळेची एकेक रीड कानशीने घासावी लागते. टोकाशी घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. साऱ्या पेटीचे हे काम एका संध्याकाळी होणारे नव्हे. तंबोऱ्याच्या खुंट्या फिरतात. तबल्याची वादी गठ्ठ्यांनी ताणता येते, गजऱ्यावर हातोडीने ठोकता येते. आणि ज्यांना पक्के, अचल समजले जात होते, त्या विजेच्या वाद्यांनाच हलविणे सर्वांत सोपे होते. तानपुऱ्याला सूर बारकाईने फिरविण्याचा खटका होता. कीबोर्डमध्येही साऱ्या वाद्याचा सूर सेंटासेंटाने वर-खाली करण्याची सोय होती. अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. ४४० आणि ४३५ यांत अंतर साधारण वीस सेंटांचे. मुलाने आकडा वीसने उतरविला, आबांनी पेटीचा भाता हलवीत ठेवला, आणि लाटा संथ होत होत थांबल्या. नंतर तानपुऱ्याचा खटका तेवढाच फिरला. यंत्र आपली जागा सोडून जुन्या पेटीकडे आले, आणि त्यात त्याचे काहीही उणे झाले नाही.

या प्रसंगात एक उपरोधही होता, आणि तो आबांना ठाऊक होता. ज्या पेटीसाठी आज इतरांनी सूर उतरविले, तीच एकेकाळी परकी, ताठर आणि अडाणी म्हणून हिणविली गेली होती. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मलेले हे वाद्य मिशनऱ्यांबरोबर भारतात आले, कलकत्त्यात त्याला हाताने हलविण्याचा भाता मिळाला, आणि मराठी संगीत नाटकाने तर त्याला घरचेच करून टाकले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्यातून गाणे काढून दाखविले. पण शास्त्राच्या दृष्टीने त्याचे दोष खरेच होते. त्यात मींड नाही. त्याचे बारा सूर समान अंतरावर बसविलेले, त्यामुळे शुद्ध गंधार नैसर्गिक गंधाराहून सुमारे चौदा सेंट चढा लागतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या साहाय्याने त्या श्रुती वाजविणारी पेटी लंडनमध्ये बनवून घेतली. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार होता. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या श्रुतींवर वाद झडला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला आपल्या स्टुडिओचे दार बंद केले. ते किलकिले होण्यास १९७१ साल उजाडले. एवढ्या अवधीत पेटी बदलली नाही. तिच्याबरोबर गाणाऱ्यांचे कान आणि वाजविणाऱ्यांचे हात बदलले. कोणता सूर धरावयाचा, कोणता नुसता स्पर्शून सोडावयाचा, हे चांगल्या पेटीवाल्यांनी शोधून काढले. पाहुण्याने घरची रीत शिकावी, तसे ते झाले.

विजेच्या तानपुऱ्याची कथा त्या मानाने अलीकडची. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये तो प्रथम साकार केला. गायकांच्या एका खऱ्या अडचणीतून त्याचा जन्म झाला. प्रवासात भोपळा फुटतो, साथीला तंबोरा धरणारा मिळत नाही, एकट्याने रियाज करणाऱ्याला गाताना तारा छेडीत बसणे नेहमीच शक्य होत नाही. आरंभीच्या यंत्रांचा आवाज कोरडा होता. पुढे खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनीच मुद्रित करून तो यंत्रात भरण्यात आला, आणि आज तो मोबाईल फोनमध्येही वाजतो. त्याला केवळ नकली म्हणून झिडकारणे हे मोठ्या शहरात, चार तंबोरे आणि दोन शिष्य दिमतीला असणाऱ्यांना परवडते. झाशीत जवारी काढणारा कारागीर सहज सापडत नाही. तंबोरा बिघडला की तो रेल्वेने शेकडो मैलांवरच्या मिरजेला धाडावयाचा आणि सुखरूप परत येण्याची वाट पाहावयाची. अशा गावात एखादी मुलगी पहाटे उठून दोन तास षड्ज भरते, ते या लहानशा पेटीच्या भरवशावर. आबांनी ती नातीला स्वतःच आणून दिली होती.

मिरजेचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे. झाशीहून शंभर किलोमीटरांवरच्या ग्वाल्हेरला जाऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ गाणे शिकले आणि ती गायकी त्यांनी महाराष्ट्रात नेली. मिरजेत विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचे शिष्य झाले. त्याच मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी, शस्त्रांना धार लावणाऱ्या हातांनी, तंबोरे घडविण्यास आरंभ केला, आणि ते तंबोरे उत्तरेतही पोचले. २०२४ मध्ये तेथील सतार आणि तंबोरा यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. गाणे उत्तरेकडून दक्षिणेला गेले, तंबोरा दक्षिणेकडून उत्तरेला आला. आबांचा तंबोरा याच वाटेने आलेला, त्यांच्या वडिलांच्या वेळचा.

तो लावण्याची वेळ आली, तेव्हा आबांनी तो नातीपुढे ठेवला.

हे अनपेक्षित होते. आजवर त्या घरात तंबोरा आबांनीच लावलेला. नातीने फोन पुढे ठेवला. त्यावर सूर दाखविणारा काटा होता. तिने पहिली तार पंचमाला, जोडाच्या दोन्ही तारा मधल्या षड्जाला आणि पितळी तार खर्जाला आणली. काटा प्रत्येक वेळी मधोमध आला. "आबा, झाला. काटा बरोबर बीचमध्ये आहे," ती म्हणाली. झाशीच्या मराठीत 'मध्ये'ला 'बीच'ची जोड सहज मिळते.

तारा छेडल्या गेल्या. सूर चूक नव्हता, पण तंबोरा बोलत नव्हता. काट्याने पाहिले ते छेडल्याबरोबर निघणाऱ्या सुराला. तार जोराने छेडली की क्षणभर ताण वाढून सूर किंचित चढतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. नात जोराने छेडीत होती, म्हणून स्थिरावलेला सूर काट्यावर दिसल्याहून उतरलेला होता. शिवाय जोडाच्या दोन तारा एकमेकींत विरघळतात की नाही, हे काटा सांगत नाही; तो एका वेळी एकाच तारेचा साक्षीदार. आणि घोडीवर तारेखाली सरकवावयाचे सूत नेमके कोठे थांबले म्हणजे जवारी उघडते, हे सांगणे तर त्याच्या आवाक्याबाहेरचे.

"काटा झाक," आबा म्हणाले. "हळू छेड. आणि थांब."

तिने फोन पालथा ठेवला. मणी केसभर सरकविले. जोडाच्या तारांमधली संथ लाट तिला ऐकू आली, आणि थांबली तेव्हा तेही कळले. मग सूत हलविणे सुरू झाले. येथे तिने आबांकडे पाहिले. जवारी उघडली, असे सांगणारा कान त्या घरात एकच होता.

आबांनी मान हलविली नाही. दोन-तीन वर्षांपासून त्यांच्या कानांतून वरचे ध्वनी नाहीसे होऊ लागले होते. वयोमानाने माणसाची श्रवणशक्ती ओसरते ती वरच्या टोकाकडून. बोलणे, षड्ज, पंचम हे सारे ऐकू येते. पण जवारीची जी झळाळी असते, तारेच्या मूळ सुरावर उमटणाऱ्या उंच स्वरांचा जो वर्ख असतो, तो आधी जातो. ही गोष्ट त्यांनी घरात कोणाला सांगितलेली नव्हती. ते पुढे झुकले, आणि आपली कानशिलाची बाजू त्यांनी तंबोऱ्याच्या दांडीला टेकविली. लाकडातून जे येत होते, ते त्यांनी काही वेळ घेतले. मग ते म्हणाले, "वरचं मला आता येत नाही. तू सांग."

खोलीत कोणी काही बोलले नाही. नात पुन्हा सूत सरकवू लागली. पुढे, मागे, पुन्हा किंचित पुढे. आणि एका जागी खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला, कोठल्याही तारेवर न लावलेला गंधार स्पष्ट उमटला. खर्जाच्या पाचपट कंपनांचा हा स्वर. त्याला जुने लोक स्वयंभू म्हणतात. "आला," ती म्हणाली. आबांनी तेव्हा मान हलविली. त्यांना तो ऐकू आला, की तिच्या चेहऱ्यावर दिसला, हे सांगणे कठीण.

लगेच नवा पेच निघाला. कीबोर्डवर गंधार दाबला की तो या गंधाराशी भांडे, पेटीचाही तसाच. चौदा सेंटांचे ते अंतर षड्ज जुळल्याने मिटणारे नव्हते. काही कीबोर्डांत एकेक स्वर वेगळा उतरविण्याची सोय असते; या कीबोर्डात ती नव्हती. तोडगा आबांनी पेटीवाल्यांच्या जुन्या रीतीतून काढला. गायिका गंधारावर थांबेल, तेव्हा कीबोर्डाने आणि पेटीने षड्ज-पंचमावर राहावे. गंधारावर वस्ती करू नये. मुलाने तो मनापासून मानला. जेथे सूर जुळविता येत नाही, तेथे गप्प राहणे हाही जुळविण्याचाच एक प्रकार असतो, हे त्याला त्या संध्याकाळी उमगले असावे.

नैसर्गिक आणि यांत्रिक यांच्या संघर्षाची चर्चा साहित्यात आणि कलांत दीर्घकाळ चालू आहे. तिच्यात एक पक्ष यंत्राला शत्रू ठरवितो, दुसरा त्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसवितो. दोघेही यंत्राला त्याच्या योग्यतेहून अधिक मान देतात. यंत्र ऐकत नाही; म्हणून जुळवून घेण्याचे काम त्याच्याकडून करवून घ्यावे लागते, आणि करवून घेणाऱ्याला ऐकता यावे लागते. धोका आहे तो येथे. सूर आयता मिळू लागला की तो मिळविण्याची खटपट सुटते. आणि कान तयार होतो तो त्या खटपटीत. तंबोरा लावता न येणारा गायक सुरेल गाऊ शकेल; पण सूर हलला तर कोठे हलला, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागेल. भाषेचेही काहीसे असेच आहे. पुण्याच्या छापील मराठीच्या काट्यावर झाशीची मराठी तपासली, तर ती जागोजाग उतरलेली दिसेल. तिचे जोड कशाशी जुळलेले आहेत, हे त्या काट्याला दिसत नाही.

कार्यक्रम सुरू झाला. पावसाळा सरत आलेला, हवा दमट, आणि वर प्रखर दिवे. तबल्याची पुडी दिव्यांच्या उष्णतेने ताणली जाऊन पहिल्या दोन चिजांतच चढू लागली. तंबोऱ्याच्या पोलादी तारा उष्णतेने सैलावून किंचित उतरल्या. इलेक्ट्रॉनिक तानपुरा तेवढा जेथे होता तेथेच होता. तो हलला नाही, हा त्या वेळी त्याचा गुणच ठरला. इतरांना परतून येण्यासाठी एक जागा राहिली. दोन गाण्यांच्या मध्ये तबलजीने हातोडी उचलली आणि सवयीने समोर, पहिल्या रांगेत बसलेल्या गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी बोटाने नातीकडे दाखविले.

तो तिच्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "किससे मिलाएँ?"

तिने क्षणभर डोळे मिटले, खुंटी थोडी फिरविली, आणि जोडाची तार छेडून त्याच्या दिशेने धरली.